शेवटची सायकल

रायगड जिल्ह्यातील पनवेल हे पूर्वीपासून प्रवाशांचे गाव आहे. रेल्वे व मोटारी नव्हत्या, त्या काळी मुंबईहून पुण्यास जावयाचे म्हणजे गलबतात बसून खाडीमार्गे पनवेलच्या बंदरास उतरावे आणि तेथून पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून बोरघाटाची वाट धरावी, असा रिवाज होता. गाड्यांची वर्दळ मोठी, म्हणून चाके बनविण्याचा धंदाही येथे भरभराटीस आला. पनवेलच्या सुतारांनी घडविलेली बैलगाडीची चाके एके काळी नावाजलेली होती. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली, आणि २०१६ साली तिची महानगरपालिका झाली. गावापासून थोड्याच अंतरावर पळस्पे फाटा लागतो. तेथून एक रस्ता गोव्याकडे वळतो व दुसरा पुण्याकडे जातो.

मुलांनो, या दुसऱ्या रस्त्यावरून आम्ही केलेल्या एका दिवसाच्या प्रवासाची हकीकत तुम्हांला सांगावयाची आहे. प्रवास होता सायकलींवरचा, आणि आम्ही होतो चौदा जण.

सायकल हे वाहन दिसावयास साधे. परंतु त्याच्यावर बसून माणसांनी फार मोठमोठे प्रवास केले आहेत. १९२३ साली मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांच्यापैकी अदी हकीम, जाल बापसोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी वाळवंटे, पर्वत व अरण्ये ओलांडून ती पुरी केली आणि १९२८ साली ते मुंबईस परत आले. पुढे १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी 'भारत जोडो' ही सायकलयात्रा काढली. शंभरांहून अधिक तरुण-तरुणी कन्याकुमारीहून निघून पाच हजार किलोमीटरांवर मजल मारीत काश्मीरकडे गेली. बाबांचे वय तेव्हा ७१ वर्षांचे होते. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसणेही अशक्य होते; म्हणून सोबतच्या वाहनात आडवे पडून ते या तरुणांबरोबर गावोगाव फिरले.

या यात्रेच्या बातम्या वाचून आमच्या शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या काही तरुणांच्या मनात आले, की आपणही सायकलींवरून बाबांच्या आनंदवनास जाऊन यावे. आनंदवन हे चंद्रपूर जिल्ह्यात वरोड्याजवळ आहे. पनवेलहून ते सुमारे आठशे किलोमीटर. १९८७ च्या डिसेंबरात बारा तरुण आणि आम्ही दोन शिक्षक असे चौदा जण निघालो. दुसरे शिक्षक माझ्यापेक्षा वयाने पुष्कळ मोठे होते. ते शाळेत व्यायाम शिकवीत आणि सारे गाव त्यांना 'मास्तर' म्हणत असे. तुकडीचे प्रमुखपण त्यांच्याकडे होते. पहिल्या दिवसाचा मुक्काम लोणावळ्यास ठरला होता. अंतर पन्नास किलोमीटरांच्या आसपास. परंतु वाटेत बोरघाट.

पहाटे साडेसहाला आम्ही वडाळे तळ्याच्या काठी जमलो. अंगाला थंडी झोंबत होती. सायकली साऱ्या साध्या, काळ्या रंगाच्या, गिअर नसलेल्या. प्रत्येकाच्या कॅरिअरला वळकटी बांधलेली. मास्तरांनी सूचना दिल्या, "रस्त्याच्या डाव्या अंगाने, एकामागे एक चालावयाचे. एक शिट्टी झाली की थांबावयाचे, दोन झाल्या की निघावयाचे. मी सर्वांच्या मागे राहीन." असे म्हणून त्यांनी दोन शिट्ट्या वाजविल्या.

पळस्पे मागे पडले. उजव्या हातास कर्नाळ्याचा सुळका आकाशात अंगठा उभारल्यासारखा दिसत होता. डाव्या हातास माथेरानचा डोंगर, त्याच्या पुढे प्रबळगड. भाताची कापणी होऊन गेली होती आणि रिकाम्या खाचरांतून वालाची कोवळी रोपे वर आली होती. असा सुंदर रस्ता, ताजी हवा आणि पहिल्या दिवसाचा उत्साह! पाहता पाहता चार तरुण पुढे निघून गेले. ते चांगले धष्टपुष्ट होते. सायकली नव्या होत्या. त्यांच्यामागे पाच-सहा जणांचा दुसरा घोळका झाला. मी त्या घोळक्यात होतो. चौदा जणांची रांग लांबत लांबत शेवटी तिचे तीन तुकडे झाले.

सर्वांत शेवटी होता एक सुताराचा मुलगा. वडिलांची जुनी सायकल घेऊन तो आला होता. शरीराने किरकोळ, बोलणे थोडे. मात्र हातात कसब मोठे होते. बिघडलेली वस्तू त्याच्या हाती दिली की ती दुरुस्त होऊनच परत यावयाची.

चौक गाव ओलांडून थोडे पुढे गेलो, तो रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली पुढचे चार वीर बसलेले दिसले. त्यांच्यापैकी एकाची सायकल उताणी पडली होती. मागच्या चाकात खिळा शिरून ट्यूब फुटली होती.

"मग दुरुस्त का करीत नाही?" मी विचारले.

सर्वांत पुढे असणारा तरुण खाली पाहत म्हणाला, "सर, पंप आणि पंक्चरचे सामान मागे आहे."

ते सामान त्या सुताराच्या मुलाजवळ होते. ज्यांना थांबावयाचे नव्हते, त्यांना आता त्याच्यासाठीच थांबावे लागले! तो मास्तरांबरोबर आला तेव्हा त्याचा सदरा घामाने भिजला होता. तरीही तो कुरकुरला नाही. त्याने टायर काढले, ट्यूब बाहेर घेऊन तिच्यात हवा भरली आणि पाण्याच्या भांड्यात ती थोडी थोडी बुडवून पाहिली. एका ठिकाणी बुडबुडे आले. ती जागा कोरडी करून त्याने पॉलिश पेपरने घासली, सोल्यूशन लावले, ते थोडे सुकू दिले आणि मग रबराचे ठिगळ दाबून बसविले. पंधरा मिनिटांत सायकल उभी राहिली.

एवढ्यावरून त्या चौघांना काही समज आली असेल असे तुम्हांला वाटेल. त्यांनी केले ते असे : पंप आणि ठिगळांची डबी मागून घेतली, आणि "आता काळजी नाही!" असे म्हणून ते पुन्हा भरधाव पुढे गेले.

खोपोली हे गाव बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी मोठ्या नळांतून येथे खाली आणून त्यावर वीज निर्माण करण्याचे केंद्र टाटांनी १९१५ साली सुरू केले. उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या अंगी केवढे बळ असते, हे तेथे दिसून येते. आम्हांला मात्र तेच पाण्याचे अंतर उलट्या दिशेने, खालून वर, चढावयाचे होते.

खोपोलीस एका वडाखाली शिदोऱ्या सोडल्या. भाकरी खात असताना पुढच्या चौघांपैकी एकाने विषय काढला. "मास्तर, खरे सांगायचे तर आपण फार सावकाश चाललो आहोत. घाटात त्याला जमणार नाही. त्याला सायकलीसह एसटीने लोणावळ्याला पाठवू. तो तेथे आरामात थांबेल आणि आपणही वेळेवर पोहोचू."

त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. दुसरा म्हणाला, "आमच्या पायांत जोर आहे, तो आम्ही का दाबून ठेवावा?" हा प्रश्नही खोटा नव्हता. सुताराच्या मुलाने हातातला घास तसाच ठेवला आणि तो जमिनीकडे पाहत राहिला.

मास्तरांनी शांतपणे विचारले, "आज आपण खोपोलीस किती वाजता पोहोचलो?"

"साडेदहाला," पहिला तरुण तत्काळ म्हणाला.

"आम्ही अकराला आलो," दुसऱ्या घोळक्यातील एक जण म्हणाला.

"मी पावणेबाराला," सुताराचा मुलगा पुटपुटला.

"तुमच्यापैकी एकेकाची वेळ मी विचारली नाही. आपली तुकडी किती वाजता पोहोचली?"

कोणी बोलेना. शेवटी तोच पहिला तरुण म्हणाला, "पावणेबाराला."

"म्हणजे तू धावून मिळविलेला सव्वा तास तुझ्याजवळ आहे का? तुकडीला तो मिळाला का? तो या वडाखाली बसून गेला. आता माझ्याबरोबर चला, आणि आपापले सामान घेऊन चला."

बाजारात भुसार मालाचे एक दुकान होते. दारात पोती तोलण्याचा मोठा काटा टांगलेला होता. मास्तरांनी दुकानदारास विनंती केली आणि एकेकाचे सामान काट्यावर चढू लागले. पुढच्या तरुणाचे सामान भरले पाच किलो. इतरांचे पाच, सहा, फार तर सात. सुताराच्या मुलाचे सामान ठेवताच काटा खाली गेला. ते भरले सतरा किलो!

गाठोडे सोडून पाहिले. त्याचे स्वतःचे सामान पाच किलोच होते. उरलेले बारा किलो सर्वांचे. हत्यारे त्यालाच वापरता येतात, म्हणून पाने, पक्कड व सुटे टायर त्याच्याकडे आले. हत्यारे त्याच्याकडे आहेतच, म्हणून कोणी स्टोव्ह व रॉकेलचा डबा तेथेच बांधला. स्टोव्ह आहे, म्हणून पितळी पातेलेही तेथेच गेले. एकेक वस्तू ठेवणाऱ्यास ती हलकी वाटली होती. साऱ्यांची बेरीज कोणी केली नव्हती. आणि ज्याने ती वाहिली, तो बोलला नव्हता.

मुलांनो, बारा किलो वजन म्हणजे किती, याचा थोडा हिशेब करा. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतची चढण सुमारे पाचशे मीटर उंचीची आहे. इमारतीचा एक मजला तीन मीटरांचा धरला, तर हे दीडशेहून अधिक मजले होतात. सपाट रस्त्यावर चाके एकदा फिरू लागली की ओझे फारसे जाणवत नाही. चढावर मात्र प्रत्येक किलो प्रत्येक मीटर आपल्याच बळाने उचलावा लागतो. तेरा जणांचे ओझे घेऊन एकट्याने दीडशे मजले चढावयाचे, आणि वर "तू सावकाश चालतोस" हे ऐकून घ्यावयाचे!

"मला एसटीत बसवू नका, मास्तर," तो मुलगा प्रथमच मोठ्याने बोलला. "फक्त सामान वाटून घ्या."

कोणाला काही सांगावे लागले नाही. ज्याने एसटीची गोष्ट काढली होती, त्याने पितळी पातेले उचलून स्वतःच्या कॅरिअरवर बांधले. दुसऱ्याने स्टोव्ह घेतला, तिसऱ्याने रॉकेलचा डबा. पायांतील जोर दाबून ठेवावयाचा नव्हता. तो कोठे लावावयाचा, एवढेच ठरवावयाचे होते. मास्तरांनी आणखी एक बदल केला. "आता हा सर्वांच्या पुढे चालेल. याच्या पुढे कोणीही जावयाचे नाही. जोरकस मंडळी शेवटी."

दुपारी एक वाजता घाट सुरू झाला. बोरघाटातून चाकांच्या गाड्या जाण्याजोगा रस्ता १८३० साली खुला झाला. रेल्वेला तर याहूनही अधिक काळ लागला. १८५६ साली ती खालून खोपोलीपर्यंत आली, १८५८ साली वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत धावू लागली. परंतु मधला घाट तसाच होता. उतारू खाली गाडीतून उतरत, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढत आणि वर दुसऱ्या गाडीत बसत. १८६३ साली बोगदे व पूल पुरे झाले, तेव्हा कोठे दोन्ही टोके जोडली गेली.

आमची रांग आता लांबली नाही. सुताराचा मुलगा ज्या चालीने चढे, त्या चालीने चौदाही जण चढत. ओझे उतरल्यामुळे त्याची चाल सकाळपेक्षा पुष्कळ सुधारली होती. चढ फार तीव्र झाला की तो खाली उतरे. मग सारेच उतरून सायकली हाताने लोटीत. मालमोटारी गुरगुरत शेजारून जात, तेव्हा एका शिट्टीसरशी चौदा सायकली कडेला थांबत. सकाळच्या तीन तुकड्यांना ही एक शिट्टी ऐकूच गेली नसती.

घाटाच्या मध्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. तेथे आम्ही विसावलो. मास्तरांनी त्याची कथा सांगितली. या डोंगरात शेळ्या-मेंढ्या चारणारा शिंग्रोबा नावाचा एक धनगर होता. घाटातून वाट कोठून काढावी, हे इंग्रज साहेबांना उमगेना. तेव्हा त्याने आपल्या गुरांच्या पायाखालची वाट त्यांना दाखविली. पुढे त्याचाच घात झाला, असे लोक सांगतात. ही लोककथा आहे. परंतु आजही या वाटेने जाणारे वाहनचालक तेथे हात जोडतात, नाणे वाहतात. मोठमोठे रस्ते बांधणाऱ्यांची नावे पाटीवर कोरली जातात. वाट दाखविणाऱ्याची आठवण मात्र वाटसरूंनी राखली आहे.

उन्हे कलली तेव्हा आम्ही माथ्याजवळ आलो. मागे वळून पाहिले. खाली खोपोलीची घरे काडेपेट्यांएवढी दिसत होती आणि समोर नागफणीचा कडा तांबूस उन्हात उभा होता. पुढे सपाटी लागली. आता कोणी पुढे गेले असते तरी चालले असते. परंतु कोणी गेले नाही. सायंकाळी पावणेसहाला चौदा सायकली एकामागे एक लोणावळ्यात शिरल्या. पहिला आणि चौदावा यांच्यात एका मिनिटाचेही अंतर नव्हते.

त्या रात्री हिशेबाच्या वहीत मास्तरांनी लिहिले : 'पनवेल ते खोपोली, सपाट रस्ता, तुकडीस सव्वापाच तास. खोपोली ते लोणावळा, घाट, पावणेपाच तास.' सकाळच्या दुरुस्तीचा वेळ वजा केला, तरी हे आकडे विचार करण्यासारखे आहेत. जेथे बहुतेक जण वेगाने धावले, तेथे तुकडी रेंगाळली. जेथे सारे एका चालीने चालले, तेथे अवघड चढणही वेळेत पार पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना पितळी पातेले कोणी घ्यावे यावरून दोघांत थोडा वाद झाला. दोघांनाही ते हवे होते! पुढे पुणे, नगर, जालना, वर्धा अशी वाट आम्ही काटली. कधी समोरचा वारा असे. मग जोरकस गडी पाळीपाळीने पुढे राहून वारा अंगावर घेत, आणि मागच्यांचे श्रम हलके होत. सायकलस्वाराच्या पाठोपाठ चालणाऱ्यास वाऱ्याचा विरोध पुष्कळ कमी होतो, हा या वाहनाचा नियमच आहे. म्हणजे पुढे कोणी राहावयाचे, हे रस्ता आणि वारा पाहून ठरवावयाचे असते. मान पाहून नव्हे.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्या मार्गावर सायकलींना मज्जाव आहे. जुना रस्ता आहे. परंतु वाहने फार वाढली आहेत, म्हणून वडील माणसांच्या सोबतीशिवाय तुम्ही त्या घाटात जाऊ नये. मात्र तुकडीने चालण्याचे प्रसंग घाटातच येतात असे नाही. वर्गाचा प्रकल्प असतो, गावाची स्वच्छता असते, घरातील कामे असतात. तेथेही कोणी तरी एक जण मागे पडलेला दिसतो. त्याला हसण्यापूर्वी किंवा त्याला वगळून पुढे जाण्यापूर्वी त्याचे गाठोडे एकदा काट्यावर ठेवून पाहावे. त्यात कदाचित आपलेच सामान निघेल.

अभ्यास

१. शब्दार्थ : रिवाज – चाल, पद्धत. वर्दळ – ये-जा. कसब – कौशल्य. शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले खाणे. उतारू – प्रवासी. मज्जाव – बंदी.

२. थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) पुढे गेलेल्या चौघांना चौकजवळ का थांबावे लागले?
(आ) 'तुकडी किती वाजता पोहोचली?' या प्रश्नातून मास्तरांना काय सुचवावयाचे होते?
(इ) सुताराच्या मुलाचे ओझे कसकसे वाढत गेले?

३. 'पायांतील जोर दाबून ठेवावयाचा नव्हता. तो कोठे लावावयाचा, एवढेच ठरवावयाचे होते.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

४. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : भरभराटीस येणे, मजल मारणे, वाट काटणे.

५. उपक्रम : तुमच्या वर्गातील सर्वांची दप्तरे एके दिवशी तोलून पाहा. सर्वांत जड दप्तर कोणाचे व का, ते शोधा आणि त्यावर आठ-दहा ओळी लिहा.